जायफळाचे चार वेढे

नाव देवव्रत आणि वजन अकराशे ग्रॅम. नाव माझ्या सुनेनं, अक्षतानं ठेवलं. मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, आधी पोरगं नावाएवढं होऊ दे, मग ठेव. पण मला कोण विचारतो! अक्षता सातव्या महिन्यातच बाळंत झाली, डिसेंबरात. दिवस भरायचे होते फेब्रुवारीत. घाटकोपरच्या हॉस्पिटलात पोर अडतीस दिवस काचेच्या पेटीत होतं, नाकात नळी, डोक्यावर माझ्या मुठीत मावेल एवढी टोपी. पुढे पुढे नर्सबाई त्याला उघडा करून आईच्या छातीशी बांधायची, आणि आई दमली की माझ्या. तास तास मी खुर्चीतून हलायची नाही. त्याचा श्वास कळेनासा झाला की माझाच जीव जायचा, मग मी बोटानं हळूच टोचून बघायची.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरनं दोन गोष्टी बजावल्या. पहिली, याची वयं दोन. एक जन्मापासूनचं, आणि एक दिवस भरले असते त्या तारखेपासूनचं. वाढ बघायची ती दुसऱ्या वयावरून. दुसरी गोष्ट, आईचं दूध आणि लिहून दिलेले थेंब, बाकी तोंडात काही घालायचं नाही. गुटी नाही, मध नाही, काही नाही. मी "हो हो" म्हटलं. मनात म्हटलं, मेल्या, तुझ्या वयाचा माझा राजेश आहे. चाळीतली वीस पोरं मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलीत, तू मला शिकवतोस?

ती माझी घमेंड. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच बसलेय तर आता लपवत नाही.

आमचं घर विक्रोळी पार्कसाईटला, डोंगरावर. एक खोली, वर पत्रा. त्यातच मोरी, त्यातच ओटा, उरलेल्या जमिनीवर आम्ही चौघं. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. राजेश पवईला लिफ्टच्या दुरुस्तीवर आहे. त्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही म्हणून होळीपासून राखीपर्यंत आम्ही सासूसुना राख्या करतो. हर्षदभाई म्हणून घाटकोपरचा माणूस आहे, तो माल देतो, रेशमी दोरे, स्पंजच्या चकत्या, टिकल्या, खडे. आम्ही चिकटवायचं, गोंडा ब्रशनं फुलवायचा, पुठ्ठ्यावर लावून परत द्यायचं. गोंद बोटांवर वाळतो, सोलला की खालची कातडी येते. एप्रिल-मेत पत्रा तापला की गोंदाला तारा सुटतात आणि खडा हातालाच चिकटून येतो.

आणि पंखा लावायचा नाही! पंखा लावला की टिकल्या उडून मोरीत. मग त्या गोळा करत बसा.

त्या उकाड्यात पोर रडणार नाही तर काय करणार? छताच्या हुकाला साडीची झोळी बांधली होती, त्यात घालायचं आणि एका पायानं दोरी ओढायची. दोरी थांबली की रडं सुरू. अक्षता उठायची, घ्यायची, पाजायची, ठेवायची, पुन्हा बसायची, तोवर बोटावरचा गोंद सुकलेला. हर्षदभाईचा फोन, "माल कब देगी?" तिचे डोळे खोल गेले होते. मग एक दिवस ती खाली नळावर गेलेली असताना मी सहाण काढली, जायफळ एकदा गोल फिरवून उगाळलं आणि तो एक वेढा दिला. एकच. आईच्या दुधात कालवून बोटानं चाटवला. पोर चार तास झोपलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. मग रोज. आठवड्याभरात एकाचे दोन वेढे झाले. अक्षता खाली गेली की मी सहाणेवर. सहाण मसाल्याच्या डब्यामागे असायची.

"आई, किती शहाणा झालाय हो हा," अक्षता म्हणायची. "दिवसभर आवाज नाही."

"आजीवर गेलाय," मी म्हणायची. शेजारची जया म्हणायची, तुमच्यावर गेला असता तर गप्प बसला असता का? आम्ही तिघी हसायचो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलातून फोन आला. डॉक्टरी वयानं याला तीन महिने होत होते आणि आता हातापायांची तपासणी करायची होती. गुरुवारी सकाळी या, पोर जागं पाहिजे, पोट भरलेलं पाहिजे, म्हणाले.

मागच्या खेपेला इंजेक्शनच्या वेळी यानं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता आणि एक बाई अक्षताला बोलली होती, "सांभाळता येत नाही तर काढता कशाला?" अक्षता तिथेच रडली होती. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. परीक्षेला जायचं तर पोर नीट दिसायला नको? मी पहाटे उठून त्याला तेल लावलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, धुरी दिली, काजळ भरलं. आणि अक्षता साडीच्या निऱ्या करत होती तेवढ्यात जायफळाचे चार वेढे दिले. दोन नाही, चार. म्हटलं, जागं काय नि झोपलेलं काय, आज अजिबात चूं करायचा नाही.

हातापायांची तपासणी करणाऱ्या चेतना मॅडम. तिशीच्या असतील, केस कापलेले, बोलणं ताडताड. कोपऱ्यातल्या टेबलावर निळी गादी, वर स्टँडला मोबाईल लावलेला. पोराचं झबलं काढायला लावलं, फक्त लंगोट ठेवला आणि उताणं निजवलं.

मी खुळखुळा काढला.

"आजी, तो आत ठेवा," मॅडम म्हणाल्या. "टाळी नाही, चुटकी नाही, बोलायचं पण नाही. आपण नुसतं बघायचं."

"मग तपासणी कशी होणार?"

"हीच तपासणी. या वयात बाळ मोकळं पडलं ना, की आपलं आपण हलत असतं. मान, मनगटं, घोटे, बोटं, सगळीकडे बारीक बारीक, गोल गोल. कोणी शिकवत नाही त्याला. मेंदू नीट चालला असला की ते येतं. मला तेच बघायचंय."

पाच मिनिटं मोबाईल चालू होता. देवव्रत पडून होता. ओलं फडकं टाकावं तसा. डोळे अर्धे उघडे, मुठी अर्ध्या मिटलेल्या. एकदा एक पाय लांब केला, तो तसाच राहिला. बाजूच्या टेबलावर एक पोर नुसतं सायकल मारत होतं. अक्षता त्या पोराकडे बघत होती आणि मी जमिनीकडे.

मॅडमनी मोबाईल बंद केला. तळवे गार पाण्यानं पुसले, तासभर थांबवलं, पुन्हा निजवलं. पुन्हा तेच.

"रात्री झोपला नाही का?"

"झोपतो मॅडम," अक्षता म्हणाली. "दिवसाही झोपतो. फार शहाणा आहे."

मॅडमची मान एकदम वर झाली. "दिवसभर झोपतो? काही देता का? गुटी, जायफळ, अफू, काहीही? मी ओरडणार नाही. फक्त सांगा."

अक्षता म्हणाली, "नाही हो, दुधाशिवाय काही नाही." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. साक्षीला बघतात ना, तसं.

"काय नाय," मी म्हटलं.

एवढे दोनच शब्द. मला वाटलं होतं मी लय खमकी बाई आहे. त्या दिवशी कळलं किती आहे ते.

मॅडमनी कागदावर लिहिलं. "या हालचाली आज दिसल्या नाहीत. झोपेत आहे, त्यामुळे मी आज नक्की काही बोलणार नाही. पुढच्या गुरुवारी या. तेव्हाही दिसल्या नाहीत तर मेंदूचा फोटो काढावा लागेल, मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. लवकर कळलं तर उपाय लवकर सुरू होतात. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरत नाही? घरी येताना डोंगराच्या पायऱ्यांवर अक्षता तीनदा थांबली. पोर माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच घेऊन चढली.

राजेश कामावरून आला, तिनं सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला, बूट तसेच पायात. आणि जे बोलायला नको तेच बोलला.

"तुला सांगत होतो ना मी. सातव्यात हंडा उचलू नको, डोंगर चढू नको. ऐकलंस?"

अक्षता गोंडे फुलवत होती. ब्रश तसाच चालू राहिला, एकाच गोंड्यावर, दोरे तुटून मांडीवर पडायला लागले तरी.

मी तिथेच बसले होते, चार हातांवर. तोंड उघडायला काय लागत होतं? पण नाही उघडलं. मनात हिशेब करत होते, की उद्यापासून जायफळ बंद, गुरुवारपर्यंत पोर हुशारीत येईल, हलेल, मॅडम खूश होतील, कोणाला काही कळायचं नाही. आणि मधेच वाटायचं, नाही हललं तर? मीच त्याचं काही बिघडवून ठेवलं असेल तर?

शुक्रवारी जायफळ दिलं नाही. दुपारपर्यंत पोर टक्क जागं. मग रडायला लागलं. असं रडलं, असं रडलं की जया लाटणं हातात घेऊन धावत आली. झोळी नको, पाजणं नको, खांदा नको. शनिवारी तेच. राख्या तशाच पडून, गोंदावर साय धरलेली.

शनिवारी भर दुपारी अक्षता किंचाळली. "आई! बघा, बघा याचे हात!"

मुठी आवळल्या होत्या, हनुवटी थरथरत होती, तोंड लालबुंद. मी बघितलं. मला दिसलं की पोर रागावलंय, बाकी काही नाही. महिनाभर गुंगीत ठेवलं, आता गुंगी नाही म्हणून चिडलंय. पण तिला ते कसं कळणार?

"झटका आलाय याला," ती म्हणाली. "मॅडम बोलल्या ना, मेंदूचं. तेच आहे. माझ्यामुळे झालं. मीच हंडा उचलला." पोराला दुपट्यात गुंडाळून ती अनवाणीच दाराबाहेर निघाली. जया तिच्यामागे चपला घेऊन.

मी दारात आडवी झाले. हे पाय साठ वर्षांचे, पण कसे उठले देव जाणे.

"बाजूला व्हा, आई!"

"गो, झटका नाय तो. आयक माझा." मी रडायला लागले आणि रडताना माझी मालवणीच तोंडात येते. "मीच तेका जायफळ देतंय. रोज. तू खाली गेलंस काय देतंय. डॉक्टरकडे जाताना चार वेढे दिलंय. काल बंद केलंय म्हणान तो रडता. तुझो काय एक दोष नाय गो. माझो."

जयाच्या हातातल्या चपला खाली पडल्या.

अक्षता उभी राहिली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पोराचं तोंड बघितलं, मग माझं.

"माझ्याकडे बघून 'काय नाय' म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "मी रात्रभर देवाला विचारत होते, की मी काय केलं."

मी तिचे पाय धरायला वाकले तर ती मागे सरली. "सहाण कुठे आहे?"

मी मसाल्याचा डबा सरकवून दाखवली. तिनं जायफळ उचललं आणि गटारात फेकलं. मग आत येऊन हातानं सगळ्या राख्या, टिकल्या, पुठ्ठे, गोंदाची बाटली एका चादरीत लोटली आणि चादरीचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. खोलीच्या मधोमध सतरंजी टाकली, पोराचं झबलं काढलं, त्याला उताणं ठेवलं आणि पंखा पाचवर लावला.

पोर वाऱ्याकडे बघून गप्प झालं. एवढंच पाहिजे होतं त्याला.

"गुरुवारी तुम्ही यायचं," अक्षता माझ्याकडे न बघता म्हणाली. "मॅडमना तुमच्या तोंडानं सांगायचं. आणि तोपर्यंत याला हात लावायचा नाही."

मी बाहेर गल्लीत बसले. जयानं तिच्या दाराशी जागा करून दिली, वर ताडपत्री बांधली. मी तिथे एकटीनं राख्या केल्या, पाच दिवस. ऊन ताडपत्रीतून येत होतं, नळावर जाणाऱ्या बाया ओलांडून जात होत्या आणि प्रत्येकीला माहीत होतं. जया काही पोटात ठेवते होय! राजेशला त्या संध्याकाळी कळलं. मला ओलांडून तो सरळ आत गेला. अक्षताजवळ मात्र बसला, खूप वेळ. "हंड्याचं मी बोललो ते चुकलं माझं," एवढं दारातून ऐकू आलं.

मी खडा चिकटवायची आणि मान वळवून दारातून बघायची. पोर सतरंजीवर असायचं. हात हलायचे, पाय हलायचे. पण मॅडमना पाहिजे ते हेच का, मला काय कळणार? कधी वाटायचं, हो हेच. कधी वाटायचं, डावं मनगट कमी हलतंय. मी स्वतःचं मनगट फिरवून बघायची, कसं असतं ते. पाच दिवस मी देवाकडे माझ्यासाठी काही मागितलं नाही. म्हटलं, मला काय शिक्षा द्यायची ती दे, माझे हातपाय घे, पण याचे ठेव.

गुरुवारी आम्ही चौघं गेलो. राजेशनं सुट्टी टाकली. तेल नाही, धुरी नाही, काजळ नाही. चेतना मॅडम हात धूत होत्या. अक्षतानं मला पुढे केलं.

मी सांगितलं. पाच बायका, दोन नर्सा, एक वॉर्डबॉय, सगळे ऐकत होते. आवाज खाली जायला लागला की मीच वर काढायची. चार वेढे म्हणाले तेव्हा बाजूची एक म्हातारी चुकचुकली. म्हटलं, चुकचुक बाई, तुला हक्क आहे.

मॅडमनी हात पुसले. ओरडल्या नाहीत, खरंच.

"आजी, एवढ्याशा पोराचा श्वास थांबला असता. झोपेतच. तुम्हाला कळलंही नसतं."

"हो," मी म्हटलं. बोटानं टोचून त्याचा श्वास बघायची ते दिवस आठवले आणि मी टेबलाचा कोपरा धरला. राजेशनं मला दंडाला धरून स्टुलावर बसवलं. आठवड्यात पहिल्यांदा त्यानं मला हात लावला होता.

पोराला निळ्या गादीवर ठेवलं. लंगोट फक्त. मोबाईल चालू झाला. कोणी बोलायचं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर चुटकी वाजवली असती.

देवव्रत छताकडे बघत होता. मग हलायला लागला. लाथ नव्हती ती, झटका पण नव्हता. मान जराशी इकडे, जराशी तिकडे. मनगट फिरलं, दुसरं फिरलं. घोटा वळला. बोटं उघडली, एकेक, मिटली. खांदा, कंबर, पुन्हा मान. थांबतच नव्हता. उकळी यायच्या आधी दूध हलतं तसं सगळं अंग बारीक बारीक हलत होतं. मॅडम वाकून बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. अक्षतानं माझा पदर धरला होता. तिला ते कळलं नसावं, मी सांगितलं नाही.

पाच मिनिटं झाली. मॅडमनी मोबाईल काढला आणि आमच्यासमोर धरला.

"हे मनगट बघा. हे घोटे. ही मान. हेच मला पाहिजे होतं. आहेत. सगळीकडे आहेत, दोन्ही बाजूंना सारख्या."

"म्हणजे?" राजेश पुढे वाकला.

"म्हणजे मेंदूच्या फोटोची आज गरज नाही. मोठी भीती होती ती बरीचशी गेली. चालेल कधी, बसेल कधी, हे मी आज नाही सांगू शकत. दर महिन्याला यायचं, जमिनीवर मोकळं ठेवायचं, झोळी कमी." मग पहिल्यांदाच हसल्या. "छान आहे तुमचं पोर."

अक्षता मटकन खाली बसली आणि जोरात रडायला लागली. राजेशही. मी म्हटलं, आता मी रडले तर पोराला धरणार कोण? पण रडलेच. ती चुकचुकणारी म्हातारी उठून आली आणि तिनं मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं.

राजेश तिथूनच पवईला कामावर गेला. आम्ही दोघी बसमध्ये बसलो. अक्षता खिडकीशी. बस सुटली आणि तिनं पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरा," ती म्हणाली. "हात दुखले माझे."

मी धरलं. पाच दिवसांनी धरलं. थोडं जड झालं होतं. मला खूप बोलायचं होतं, पण अक्षता म्हणाली, "आई, आज काही बोलू नका." मी पोराचं दुपटं सारखं केलं.

पुढच्या सिग्नलला बस अडकली, वारा थांबला आणि देवव्रतनं सूर लावला. काय आवाज! छातीत मावत नाही एवढा. मी थोपटलं, तो वाढला. अक्षतानं हात पुढे केला नाही, नुसती बघत होती. सगळी बस मागे वळली. पुढच्या सीटवरचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, कानात वायर, ती वायर काढून म्हणाला, "काकी, काहीतरी द्या ना त्याला. गप्प तरी बसेल. डोकं उठलं."

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्ही उतरा. हा रडणार."

अक्षता खिडकीकडे तोंड करून हसली, आणि पोर पार्कसाईटपर्यंत रडत आलं.